जुन्या स्पोर्ट्स कारला लोअरिंग स्प्रिंगा आणि वेगळी चाकं: पात्रता, कागदपत्रं आणि आरटीओतला क्रम

लोअरिंग स्प्रिंगांची, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगांची, ऑर्डर देण्याआधी गाडीचं आरसी (नोंदणी) कार्ड हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. नोंदणीची मुदत कधी संपते, गाडीवर बँकेचा बोजा (कर्ज) आहे का, आणि गाडी कोणत्या कार्यालयात नोंदलेली आहे. गॅरेजमधलं काम एका दिवसाचं असतं. कागदाचं काम त्याच्या आधीचं आहे, आणि ते मागे ठेवलं की पुढे निस्तरत नाही. माझ्या दोन सीटच्या जुन्या गाडीचं तेच झालं. स्प्रिंगा आधी बसवल्या, पासिंग (आरटीओतली तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण) दीड महिन्यावर आलं तेव्हा कागद शोधायला लागलो, आणि शेवटी सगळं उतरवून मूळ स्प्रिंगा परत चढवाव्या लागल्या. मजुरी दोनदा गेली, अलाइनमेंट दोनदा झालं.

मुळाशी आहे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. उत्पादकानं ठरवून दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं. त्याच्या पोटकलम ४ नुसार, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. स्प्रिंगा हा एक बदल, चाकं हा दुसरा.

जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात विचारा, उत्तर ठरलेलं: “काही व्हत नही भो, आरसीवर स्प्रिंग कुठं लिहेल ऱ्हास?” खासगी गाडीच्या आरसीवर स्प्रिंगेची उंची छापलेली नसते, हे खरंच आहे. पण १८२ए मध्ये सुटे भाग बदलून बसवणंही स्पष्टपणे धरलेलं आहे. त्यामुळे केवळ ‘आरसीवर नाही’ या भरवशावर राहू नका.

चाकं

चाकांचं प्रकरण तुलनेनं सोपं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जी मापं दिलेली असतात, ती सगळी उत्पादकाची. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला १५ इंची चाकं कंपनीनंच दिली असतील, तर तुम्ही ती लावण्यात अडचण येत नाही. त्या पानाची झेरॉक्स गाडीत ठेवा.

यादीबाहेरचं माप घ्यायचं असेल तर आधी टायरचा बाहेरचा व्यास काढा. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चं उदाहरण घेऊ. तिला १८५/६० आर१४ टायर येत. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिमी, तो दोन्ही बाजूंचा धरून २२२, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवले की ५७७.६ मिमी. आता १९५/५० आर१५ बघा: १९५ चे ५० टक्के दोन्ही बाजूंचे मिळून १९५, अधिक रिमचे ३८१, म्हणजे ५७६ मिमी. फरक दीड मिमीचा, स्पीडोमीटरला तो जाणवतही नाही. २०५/४५ आर१६ घेतला तर व्यास ५९१ च्या जवळ जातो, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून जास्त. काटा कमी वेग दाखवतो, आणि गाडी खाली बसवलेली असेल तर टायर पूर्ण वळणावर मडगार्डच्या आतल्या कडेला लागतो. पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) जुळलंच पाहिजे. टायर मडगार्डच्या बाहेर आलेला दिसला की इन्स्पेक्टरचं लक्ष आधी तिथंच जातं.

खरेदी करताना रिमवर आयएस १६१९२ चा आणि टायरवर आयएस १५६३३ चा आयएसआय शिक्का बघा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलाविना घेतलेल्या सेकंडहँड मॅगव्हीलला कागदोपत्री काहीच आधार उरत नाही.

स्प्रिंगा

इथं घाई करू नका. जर्मनीत नावाजलेल्या कंपनीच्या स्प्रिंगेसोबत टीयूव्हीचा (तिकडच्या तांत्रिक तपासणी संस्थेचा) सुट्या भागाचा दाखला मिळतो. बसवल्यावर गाडी तपासणीला नेतात आणि बदलाची नोंद करून घेतात. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगेसाठी अशी तयार वाट नाही, आणि जर्मन दाखल्यानं इथं परवानगी मिळत नाही. तरीही तो जपून ठेवा, कारण ही स्प्रिंग याच मॉडेलसाठी, एवढ्या वजनासाठी बनवली आहे, हे त्यावरून अधिकाऱ्याला दाखवता येतं.

म्हणून क्रम असा ठेवा. राहत्या पत्त्याच्या कार्यालयात (जळगाव एमएच-१९, धुळे एमएच-१८, नंदुरबार एमएच-३९) कलम ५२ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, मूळ उंची किती आणि नंतरची किती, हे मिलिमीटरमध्ये लिहा. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत, गाडी सपाट फरशीवर उभी करून. अर्जासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, भागांची बिलं आणि उत्पादकाचं तांत्रिक पत्रक जोडा. बोजा असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते. आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. लेखी होकार आला तरच पुढे जा, आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत आरसीसह कळवून नोंद करून घ्या. नकार आला तर मूळ स्प्रिंगांवरच चांगले शॉकअप बसवा. गाडीचा स्वभाव त्यानंही खूप सुधारतो.

मूळ स्प्रिंग ग्राइंडरनं कापून गाडी खाली बसवणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबू द्या आणि स्प्रिंग हातानं फिरवून बघा. कापलेली स्प्रिंग वाटीत सैल फिरते. खड्ड्यात चाक लोंबलं की ती वाटीतून सरकू शकते, आणि परत बसताना वेडीवाकडी बसते. कन्नड घाट उतरताना हे झालं तर गाडी हातात राहत नाही.

किती खाली बसवायची, हेही रस्ता बघूनच ठरवा. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) नमुन्यातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गावागावांतले उंचीला तेवढेच किंवा जास्त, पण रुंदीला हात-दीड हातच. ज्या गाडीचा तळ मुळात १३ सेंमीवर आहे ती ३ सेंमी खाली आणली की १० च उरतात, आणि दोन माणसं बसल्यावर त्याहूनही कमी. चोपडा-यावल पट्ट्यात रोज फिरणाऱ्याला मी २५ मिमीच्या पुढे जायला सांगणार नाही.

पासिंग आणि जुन्या गाडीची पात्रता

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरण मागायचं, ते ५ वर्षांचं मिळतं. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांपुढच्या कारला १०,००० रुपये शुल्क आहे, आणि तेवढ्याच जुन्या आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. परदेशी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यानं हा आकडा सौद्याआधीच धरावा. पर्यावरण कर वेगळा. चेसिसचा पेन्सिल प्रिंट (चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा), विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट तयार ठेवा. टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी असेल तर गाडी नेऊच नका. परिवहनच्या संकेतस्थळावर ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर जातो, तेव्हा आधीच्या मालकाचा नंबर असेल तर तो पहिला बदला.

सुरतहून आणलेल्या गाडीला तिकडची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथं राहणार असेल तर फॉर्म २७ भरून महाराष्ट्राचा नंबर घ्यायचा. हे होईपर्यंत कुठल्याही बदलाचा अर्ज करू नका.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर जुलै २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: फॉर्म २०, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. अशा गाडीला लोअरिंग स्प्रिंगा लावू नका. तिची मूळ चाकं गंजलेली असली तरी भंगारात देऊ नका, सँडब्लास्ट करून रंगवून घ्या.

राहिला विमा. नव्या चाकांची किंमत आणि स्प्रिंगांचा बदल कंपनीला लेखी कळवा, पॉलिसीवर एंडॉर्समेंट (बदलाची नोंद) मागा, आणि ती हातात पडेपर्यंत जुनी चाकं व मूळ स्प्रिंगा गॅरेजवाल्याकडे न ठेवता घरी आणून ठेवा.