खडू, पितळ आणि रॉक क्रॉलरचा अ‍ॅक्सल

माझ्या रिमोटवरच्या गाडीचं पुढचं डावं चाक दोन दगडांच्या बेचक्यात रुतलं होतं, बाकीची तीन जवळजवळ अधांतरी. ट्रिगर दाबला, मोटर गुरगुरली, गाडी जागची हलली नाही. मग माणूस जे करतो तेच मी केलं: आणखी दाबला. ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि वरची तीन चाकं भर्रकन फिरायला लागली. रुतलेलं चाक मात्र ढिम्म.

घरी येऊन अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, उघडला तेव्हा आतल्या शाफ्टचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, दोन तुकडे हातात आले. मोडलेली कडा सपाट होती, एखाद्यानं सुरीनं कापल्यासारखी. या कडेकडे नीट बघण्याआधीच मी नवे, जाड, कडक पोलादाचे शाफ्ट मागवून मोकळा झालो. घाईच झाली ती.

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये रॉक क्रॉलर ही जात जरा वेगळी. वेगाशी तिला देणंघेणं नाही. साधारण 1:10 प्रमाणातली, अडीच-तीन किलोची ही गाडी माणसाच्या चालीनं, कधी त्याहूनही हळू, दगडांवरून चढते. त्यासाठी मोटरच्या 40-50 फेऱ्यांमागे चाकाची जेमतेम एक फेरी होईल असे गिअर असतात. फेऱ्या जितक्या पटीत कमी होतात, जवळपास तितक्याच पटीत पीळ, म्हणजे टॉर्क, वाढतो. त्यात अशी मोटर थांबलेली असतानाच सर्वात जास्त पीळ देते. चाक अडकलं की मोटर थांबते, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी ती सगळा जोर लावते.

हा जोर जातो कुठे? रस्त्यावरच्या मोटारीत डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची रचना, असतो, त्यामुळे एक चाक अधांतरी असलं तर दुसऱ्यालाही फारसा जोर मिळत नाही. क्रॉलरला ते परवडत नाही. तिचे दोन्ही अ‍ॅक्सल बहुधा लॉक केलेले, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरतील असे असतात आणि पुढचा-मागचा अ‍ॅक्सल गिअरबॉक्समधून एकमेकांना घट्ट बांधलेले. तीन चाकं हवेत आणि एक अडकलेलं असेल, तर मोटरचा सगळा पीळ त्या एका चाकाच्या एका शाफ्टवर येतो. हातातल्या तुकड्यांची गोष्ट ही इतकीच होती.

आता खडू घ्या. दोन्ही टोकं धरून, वाकू न देता, नुसता पिळा. तो सरळ आडवा मोडत नाही. जिन्यासारखी वळत गेलेली, साधारण 45 अंशांची तिरकी कड मिळते. पिळताना खडूच्या अंगावर तिरक्या दिशेनं ताण येतो, आणि खडूसारखा ठिसूळ पदार्थ ताणालाच हार खातो. मऊ पोलाद ताण सोसतं, पण त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. म्हणून त्याची कड आडवी, सपाट दिसते. माझी कड सपाट होती, म्हणजे धातू ठिसूळ नव्हता, कमी पडला होता. ती खडूसारखी वळलेली असती, तर आणखी कडक पोलाद घेणं हा चुकीचा इलाज ठरला असता.

जाडीचा हिशोब मात्र खरंच सुखावणारा आहे. भरीव शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 4 मिमीचा 5 मिमी केला तर जाडी पावपट वाढते आणि ताकद जवळपास दुप्पट होते. एका मिलिमीटरला एवढी किंमत असते हे डोळ्यांना पटत नाही. पण चाकाचा षटकोनी हब अडकवायला शाफ्टला आडवं भोक पाडून त्यात पिन घातलेली असते, आणि पिळाचा ताण त्या भोकाच्या काठावर गोळा होतो. शाफ्ट कितीही जाड घ्या, भोक मोठं आणि काठ धारदार असेल तर तो तिथूनच जाणार. विकत घेताना मी आता आधी भोक बघतो, मग चकाकी.

नवे शाफ्ट बसवले, तीच खाच पुन्हा गाठली. या वेळी शाफ्ट शाबूत राहिला आणि आतून करकर ऐकू आली. क्राउन गिअरचे, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या गिअरचे, तीन दात गेले होते. शाफ्ट पिळला जात नाही म्हटल्यावर तोच पीळ एक पायरी मागे सरकला होता. प्लास्टिकची हाऊसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलचं कवच, जोरानं किंचित फाकते, पिनियन (क्राउनला फिरवणारा छोटा गिअर) आणि क्राउन एकमेकांपासून दूर होतात, दातांची टोकंच टोकांवर चढतात आणि उडतात. गिअर बदलून उपयोग नव्हता, त्यांना जागेवर धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. कडक हाऊसिंग, चांगली बेअरिंग आणि मागे 0.1 मिमीच्या शिम. ही शिम म्हणजे कागदासारखी चकती, चिमटीत धरताना निसटून टेबलाखाली जाते आणि तासभर सापडत नाही. पण दोन गिअरमधला खुळखुळा तिच्यावर ठरतो. शाफ्ट हातानं फिरवून बघावा: किंचित हालचाल हवी, अडखळ नको.

पुढच्या अ‍ॅक्सलची आणखी एक कटकट आहे, कारण त्याला वळायचंही असतं. शाफ्टला सांधा लागतो, आणि साधा सांधा, ज्याला हूकचा किंवा कार्डनचा म्हणतात, कोनात असताना वेग सारखा ठेवत नाही. चाक 40 अंश वळवलं, तर शाफ्टच्या प्रत्येक फेरीत चाक दोनदा मागे रेंगाळतं आणि दोनदा पुढे धावतं, वेगाच्या सुमारे 0.77 पटीपासून 1.3 पटीपर्यंत. पूर्ण वळवून हळू चालवताना गाडी उचक्या लागल्यासारखी थरथरते, ती बरेचदा यामुळेच. गंमत म्हणजे या छंदात ज्याला ‘सीव्हीडी’ (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी ड्राइव्ह) म्हणतात, त्याच्या नावातच एकसमान वेग आहे, पण बहुतेकदा आत एकच सांधा असतो. दोन सांधे पाठोपाठ ठेवले तर एकाची चूक दुसरा पुसतो, पण नकलमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाला चाकासह वळणाऱ्या तुकड्यात, तेवढी जागा मिळायला हवी.

पीळच कमी करायचा दुसरा रस्ता म्हणजे पोर्टल अ‍ॅक्सल. यात शेवटची गिअरजोडी थेट चाकापाशी असते. शाफ्ट चाकाच्या मध्याच्या वरून येतो, म्हणून डिफरन्शियलचा गोळा दगडापासून उंच राहतो. शिवाय शेवटची घट चाकापाशीच झाल्यानं मागच्या शाफ्टवर आणि गिअरवर तेवढा कमी भार पडतो. युनिमॉग या जर्मन ट्रकनं 1940 च्या दशकात हीच युक्ती मोठ्या गाडीत वापरली. खेळण्यात ट्रॅक्सस कंपनीच्या टीआरएक्स-4 या क्रॉलरमध्ये ती 2017 पासून आहे. माझ्या मते नवी गाडी घेणाऱ्यानं पोर्टलचा विचार जरूर करावा, पण साधा अ‍ॅक्सल काढून पोर्टल बसवणं म्हणजे सस्पेन्शन, लिंका, स्टीअरिंग सगळं पुन्हा जुळवणं. तेवढी हौस असेल तरच.

आणि पितळ. पितळेची झाकणं आणि नकल बघून नवखे हसतात: वजन कमी करायचं सोडून वाढवतोय! पण वजन कुठे वाढतं ते महत्त्वाचं. समजा गाडी 2.5 किलोची, गुरुत्वमध्य 10 सेंमी उंचीवर आणि टायर मध्यापासून दोन्ही बाजूंना 10 सेंमीवर टेकलेले. सस्पेन्शनची हालचाल सोडून दिली तर ती 45 अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. अ‍ॅक्सलवर, 6 सेंमी उंचीवर, 400 ग्रॅम पितळ लावलं, तर हीच मर्यादा साडेशेहेचाळीसच्या पुढे जाते. तेच 400 ग्रॅम टपावरच्या सामानात, 20 सेंमीवर गेले, तर ती जेमतेम 41 उरते. पितळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तिपटीहून जड असल्यानं थोड्या जागेत हे वजन मावतं. मी पुढच्या अ‍ॅक्सलवर जास्त लावतो, मागे कमी, कारण चढावर पुढची चाकंच हलकी होतात. मात्र हे वजन स्टीअरिंगच्या सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला, ओढावं लागतं. पितळ लावल्यावर माझा जुना सर्व्हो खाचेत अडकलेलं चाक वळवू शकेना, तो खर्च मी धरलाच नव्हता.

सगळं बदलून झाल्यावर पीळ आणखी मागे, गिअरबॉक्सकडे सरकेल हे आता उमगलं होतं. म्हणून मधला ड्राइव्हशाफ्ट मुद्दाम प्लास्टिकचाच ठेवलाय. बाहेरच्या बाजूला असतो, दोन स्क्रू काढले की बदलता येतो, आणि एक जादाचा पिशवीत पडलेला असतो. स्लिपर क्लच, म्हणजे जोर फार झाला की घसरणारा जोड, तोही थोडा सैल केला. परवा त्याच बेचक्यात चाक पुन्हा रुतलं. क्लच घसरल्याचा खर्र आवाज आला, ट्रिगर सोडला आणि गाडी हातानं उचलून घेतली.