क्लास ॲक्शन तडजोडीतील भरपाई : आरोग्य डेटाचोरी (अमेरिका)

रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा आरोग्यविमा कंपनी यांच्या संगणकांतून लोकांची खासगी माहिती चोरीला गेली, की अमेरिकेत त्या सर्वांच्या वतीने दिवाणी दावा लावला जातो. यालाच क्लास ॲक्शन किंवा समूहदावा म्हणतात. असा दावा निकालापर्यंत क्वचितच पोचतो. बहुधा कंपनी ठरावीक रक्कम मोजून तडजोड करते, न्यायालय तिला मान्यता देते आणि ज्यांची माहिती गेली त्यांना त्या रकमेतून आपला वाटा मागता येतो. बहुतेक तडजोडींत हा वाटा मागितल्याशिवाय मिळत नाही. मुदतीच्या आत अर्ज भरावा लागतो. या अर्जालाच ‘क्लेम’ म्हणतात. बातमीतला कोट्यवधी डॉलरचा आकडा आणि एकेका रुग्णाच्या हाती पडणारी रक्कम यांचा मेळ का बसत नाही, हे समजले की या व्यवस्थेचा बराचसा उलगडा होतो.

दावा कशाच्या आधारे

रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी अमेरिकेत ‘हिपा’ हा १९९६ चा संघीय कायदा आहे. २००९ च्या ‘हायटेक’ कायद्याने त्याला जोड दिली : माहिती फुटल्याचे लक्षात आल्यापासून ६० दिवसांच्या आत रुग्णाला कळवायचे, आणि बाधितांची संख्या ५०० किंवा त्याहून जास्त असेल तर संघीय आरोग्य खात्यालाही त्याच मुदतीत. खाते अशा घटनांची यादी जाहीर ठेवते; रुग्णालयवाले तिला ‘वॉल ऑफ शेम’ म्हणतात. मात्र हिपाचा भंग झाला म्हणून रुग्णाला स्वतः त्या कायद्याखाली दावा लावता येत नाही. दंड सरकार करते आणि तो सरकारकडेच जातो. त्यामुळे वकील वेगळ्या वाटेने जातात : हलगर्जीपणा, गर्भित (न लिहिलेल्या, पण गृहीत धरलेल्या) कराराचा भंग आणि राज्यांचे ग्राहक कायदे. कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय गोपनीयता कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही दर रुग्णामागे १,००० डॉलर मागण्याची सोय आहे. काही तडजोडींत त्या राज्याच्या रहिवाशांना इतरांपेक्षा जास्त रक्कम मिळते, ती अशा राज्य कायद्यांमुळेच.

दोन्ही पक्ष तडजोडीला राजी का होतात याचे उत्तरही कायद्यातच आहे. माहिती चोरीला गेली, पण अजून तिचा कोणी गैरवापर केलेला नाही. मग नुकसान झाले म्हणायचे का? २०२१ मध्ये ट्रान्सयुनियन विरुद्ध रमिरेझ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पुढे कधीतरी नुकसान होईल एवढ्या भीतीवर पैशांची भरपाई मागता येणार नाही. नुकसान ठोस हवे. त्यामुळे दावा फेटाळला जाण्याची धास्ती वादींना असते, आणि कोट्यवधी लोकांचा दावा चुकून यशस्वी झालाच तर काय, ही कंपनीला. मधल्या कुठल्यातरी आकड्यावर हात मिळवले जातात. ‘आमची चूक झाली’ असे कंपनी तडजोडीत कबूल करत नाही, हे जवळपास ठरलेलेच असते.

अँथम प्रकरण

इंडियानापोलिसच्या अँथम या विमा कंपनीने फेब्रुवारी २०१५ मध्ये चोरीची बातमी स्वतःच जाहीर केली. सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची नावे, जन्मतारखा, पत्ते, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतील सरकारी ओळख क्रमांक), विम्याचे ओळख क्रमांक आणि नोकरी-उत्पन्नाचे तपशील गेले होते. सुरुवात झाली ती आदल्या वर्षी एका उपकंपनीतील कर्मचाऱ्याने उघडलेल्या फसव्या ईमेलपासून. शंभराहून अधिक दावे निरनिराळ्या ठिकाणी दाखल झाले. ते एकत्र करून कॅलिफोर्नियातील सॅन होजेच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश ल्यूसी को यांच्यापुढे ठेवण्यात आले. जून २०१७ मध्ये ११ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. डेटाचोरीच्या दाव्यांतील तोपर्यंतची सर्वांत मोठी. ऑगस्ट २०१८ मध्ये तिला अंतिम मान्यता मिळाली.

आता भागाकार करून पाहावा. ११ कोटी ५० लाख भागिले ७ कोटी ८८ लाख : माणशी दीड डॉलरही येत नाही. म्हणून ही रक्कम सरसकट वाटलीच गेली नाही. पत्रे पाठवणे, अर्ज तपासणे असल्या व्यवस्थेसाठी तिच्यातले २ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत राखून ठेवले होते. मुख्य लाभ म्हणून दोन वर्षांची ‘क्रेडिट मॉनिटरिंग’ सेवा होती, म्हणजे आपल्या नावावर कोणी कर्ज किंवा कार्ड काढले तर इशारा देणारी सेवा. ज्यांच्याकडे अशी सेवा आधीपासून होती त्यांना तिच्याऐवजी रोख रक्कम, तीही जास्तीत जास्त ५० डॉलर. प्रत्यक्ष खिशातून पैसे गेलेल्यांसाठी दीड कोटी डॉलरचा वेगळा हिस्सा होता. त्यातून एका माणसाला १०,००० डॉलरपर्यंत मिळू शकत होते, पण पावत्या दाखवून.

वकिलांच्या फीवर तेव्हा बरीच वादावादी झाली. न्यायालयाने मोजक्या फर्म नेमल्या असताना फी मागणाऱ्यांच्या यादीत ५३ फर्म निघाल्या आणि मागणी होती सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलरची. को यांनी त्या बिलांच्या तपासणीसाठी वेगळा अधिकारी नेमला आणि शेवटी सुमारे ३ कोटी १० लाख मंजूर केले. न्यायाधीशांनी बिले अशी तपासून घेतल्याचे उदाहरण नेहमी दिसत नाही. सरकारी दंड वेगळे : ऑक्टोबर २०१८ मध्ये आरोग्य खात्याला १ कोटी ६० लाख डॉलर आणि २०२० मध्ये निरनिराळ्या राज्यांना मिळून सुमारे ४ कोटी ८२ लाख. यांतून सभासदांना काही वाटण्यात आले नाही.

पत्र येते तेव्हा

समूहातील माणसाला पहिली खबर बहुधा पोस्टकार्डाने किंवा ईमेलने मिळते. बारीक टायपात छापलेले, कोपऱ्यात बारकोड असलेले हे कार्ड पिझ्झाच्या कूपनांत आणि कार विक्रेत्यांच्या जाहिरातींत मिसळून येते आणि बरेचदा त्यांच्याबरोबरच केराच्या टोपलीत जाते. कार्डावर सहसा एक ओळख क्रमांक आणि पिन असतो; वेबसाइटवरचा अर्ज त्याच्या आधारे उघडतो. कार्ड हरवले तर तडजोडीचे काम पाहणाऱ्या संस्थेला फोन करून क्रमांक पुन्हा मागता येतो. या संस्थेला ‘सेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात; क्रोल, एपिक, अँजिऑन ही त्यांतली ठळक नावे. हे काम ना रुग्णालय करते ना वकील, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि ते रुग्णालयाच्या काउंटरवर चौकशी करत बसतात.

समूहातील माणसाला चार गोष्टी करता येतात. अर्ज भरायचा; समूहातून नाव काढून घ्यायचे, म्हणजे स्वतंत्र दावा लावण्याचा हक्क शाबूत राहतो; तडजोडीवर लेखी हरकत घ्यायची; किंवा काहीच करायचे नाही. चौथा मार्ग सर्वांत रहदारीचा आणि सर्वांत तोट्याचा. काहीच न करणाऱ्याला सहसा पैसेही मिळत नाहीत आणि कंपनीवर पुढे दावा लावण्याचा हक्कही तो गमावतो. संघीय दिवाणी प्रक्रियेच्या २३ व्या नियमाप्रमाणे तडजोड न्याय्य, वाजवी आणि पुरेशी आहे का, हे अंतिम सुनावणीत न्यायाधीश तपासतात. हरकतींचा विचार त्याच वेळी होतो. त्यावर कोणी अपील केले, तर चेक वर्ष-दोन वर्षे लांबतात.

अर्ज फार तर दोन-तीन पानांचा असतो. नाव, पत्ता, काय हवे त्यापुढे खूण, आणि शेवटी खोटे सांगितल्यास शपथभंगाचा गुन्हा होईल हे मान्य असल्याची सही. रोख रकमेची खूण केली, की पुरावा लागत नाही. पुरावा लागतो तो प्रत्यक्ष खर्चाला : नोटरीची फी, प्रमाणित टपालाच्या पावत्या, क्रेडिट अहवालाचे शुल्क, खात्यातून परस्पर गेलेली रक्कम दाखवणारे बँक स्टेटमेंट. स्टेटमेंटवरील इतर ओळी काळ्या करून पाठवता येतात. या खर्चाचा चोरीशी संबंध कसा, हे दोन वाक्यांत लिहिण्यासाठी एक चौकट असते. ती रिकामी सोडली तर त्रुटीचे पत्र येते आणि उत्तराला थोडेच आठवडे मिळतात. बँकेला फोन करण्यात, पासवर्ड बदलण्यात गेलेल्या वेळेचेही अनेक तडजोडींत पैसे मिळतात. साधारण ताशी २०-२५ डॉलर आणि तेही चार-पाच तासांपुरते. मुलांच्या वतीने आईवडील आणि मृताच्या वतीने वारस अर्ज करू शकतात. बालरोग विभागातून झालेल्या चोरीत हे विसरू नये, कारण लहान मुलाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा गैरवापर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

वाटा कमी-जास्त का होतो

अर्जावरचा आकडा अनेकदा अंदाजी असतो. अर्ज कमी आले तर तो वाढतो, जास्त आले तर प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात कापला जातो. याचा गाजलेला धडा आरोग्याबाहेरच्या एका प्रकरणाने दिला. इक्विफॅक्स या पतमापन कंपनीच्या २०१९ मधील तडजोडीत १२५ डॉलर मिळणार म्हणून लोकांची झुंबड उडाली. या पर्यायासाठी बाजूला ठेवलेले होते फक्त ३ कोटी १० लाख डॉलर, आणि चोरी झाली होती सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांच्या माहितीची. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेलाच मग लोकांना सांगावे लागले, की १२५ ची आशा धरू नका, मॉनिटरिंग सेवा घ्या. पण अशी झुंबड हा अपवाद. याच कमिशनने २०१९ मध्ये ग्राहक समूहदाव्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नोटीस मिळालेल्यांपैकी अर्ज भरणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ९ टक्के आणि भारित (मोठ्या प्रकरणांना जास्त वजन देणारी) सरासरी ४ टक्के निघाली. पोस्टकार्ड जपून ठेवणाऱ्याला जे मिळते, त्यात ते फेकून देणाऱ्यांचाही वाटा असतो.

काय चोरीला गेले, यावरही किंमत ठरते. पेनसिल्व्हेनियातील लीहाय व्हॅली हेल्थ नेटवर्कवर २०२३ च्या फेब्रुवारीत ‘ब्लॅककॅट’ या हॅकरांच्या टोळीने हल्ला केला. रुग्णालयाने खंडणी दिली नाही, आणि टोळीने कर्करोगाच्या रुग्णांचे उपचारादरम्यान काढलेले विवस्त्र फोटो इंटरनेटवर टाकले. २०२४ मधील तडजोड ६ कोटी ५० लाख डॉलरची झाली, समूह होता १ लाख ३४ हजारांहून अधिक लोकांचा. येथे भागाकार सरसकट केला नाही, पायऱ्या पाडल्या. ज्यांची माहिती नुसती हॅकरांच्या हाती लागली त्यांना ५० डॉलर. ज्यांचे विवस्त्र फोटो प्रसिद्ध झाले त्यांना ७०,००० डॉलर वा अधिक, आणि निधीचा बहुतांश भाग या काही शे लोकांसाठी. अँथमच्या तडजोडीत पावतीला किंमत होती. येथे अब्रूला किंमत लावली गेली, आणि अशा तडजोडींत हे प्रथमच इतक्या उघडपणे झाले असावे.

बनावट तडजोडी

चोरी झालेल्यांची यादी चोरांकडे असतेच. तडजोडीची बातमी आली, की त्याच लोकांना ‘तुमचा चेक तयार आहे’ असे ईमेल जाऊ लागतात. खरा ॲडमिनिस्ट्रेटर अर्ज भरण्यासाठी एक सेंटही फी घेत नाही आणि बँकेचा पासवर्ड मागत नाही. खात्री करायची तर नोटिशीवरील खटल्याचा क्रमांक न्यायालयाच्या नोंदीत शोधावा, ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नये.

परत आलेल्यांसाठी

एच-वन-बी व्हिसावर काही वर्षे काढून पुण्या-मुंबईला परतलेल्या कुटुंबांची माहिती तिथल्या विमा कंपन्यांच्या संगणकांत तशीच राहते. नोकरी सुटली म्हणून ती पुसली जात नाही. पोस्टकार्ड मात्र न्यू जर्सीच्या जुन्या अपार्टमेंटवर जाते. समूहाच्या व्याख्येत नागरिकत्वाची अट सहसा नसते, पण ‘अमेरिकेतील रहिवासी’ असे शब्द अनेकदा असतात. ती ओळ आधी वाचावी. पात्र असल्यास ॲडमिनिस्ट्रेटरला नवा पत्ता कळवता येतो. पैसे कसे घ्यायचे हाही प्रश्नच. कागदी चेक बहुधा ९० दिवसांत बाद होतो, आणि ४० डॉलरचा चेक इथल्या बँकेत वटवायचा तर शुल्कातच बराचसा जातो. अमेरिकेतील खाते चालू ठेवले असेल तर ऑनलाइन रक्कम घेणे सोयीचे.

भारतातील स्थिती

भारतात आरोग्याच्या डेटाचोरीबद्दल अशी तडजोड प्रचलित नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्रातील एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो अहवाल, एचआयव्ही तपासणीचेसुद्धा, इंटरनेटवर कोणालाही दिसतील असे पडून होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने (खंडणीसाठी संगणक अडवून धरणाऱ्या सॉफ्टवेअरने) ठप्प झाले आणि ओपीडीचे काम हाताने लिहून करावे लागले. भरपाईसाठी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ ची : ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम वगळण्याची तरतूद केली. नव्या कायद्यात कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याचा अहवाल फुटला त्याला त्यातून भरपाई नाही. उलट त्याने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरल्यास त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकाच तक्रारीच्या अनेक ग्राहकांना मिळून ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५(१)(क) मध्ये आहे. त्यासाठी आयोगाची परवानगी लागते.