भांगेच्या रोपांची पुनर्लागवड : मातीची निवड

भांगेचं (कॅनाबिस सटायव्हा) रोप ट्रेतून किंवा छोट्या कपातून मोठ्या कुंडीत हलवताना त्याला कुठली माती द्यायची, याबद्दलची ही नोंद. वर्णन मुख्यतः कॅनडातल्या घरगुती पद्धतीचं आहे, तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरामागे ४ झाडं लावता येतात. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली परवान्याशिवाय लागवड हा गुन्हा आहे, महाराष्ट्रातही तेच.

मातीच्या चर्चेत झाडाचं मूळ ठिकाण हमखास निघतं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२० च्या दशकात नोंदवलं की रानटी भांग माणसाच्या वस्तीजवळ, उकिरड्यावर, गुरं बसतात त्या शेणामुताच्या जमिनीवर जोमाने येते, आणि त्यावरून ती माणसामागे फिरत आपसूक पीक झाली असं मत पुढे आलं. मूळ ठिकाण बराच काळ ढोबळपणे मध्य आशिया मानलं जायचं. २०१९ मध्ये परागकणांच्या अभ्यासातून तिबेट पठाराचा ईशान्य भाग, साधारण २.८ कोटी वर्षांपूर्वी, असं मांडलं गेलं, तर २०२१ च्या जनुकीय अभ्यासाने पहिली लागवड पूर्व आशियात, अंदाजे १२,००० वर्षांपूर्वी झाली असावी असं म्हटलं. हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतातच असं नाही, कारण एक वंशाच्या उगमाबद्दल आहे आणि दुसरा लागवडीबद्दल. उकिरड्याचं निरीक्षण मात्र सगळ्यात टिकाऊ वाटतं, झाड नायट्रोजनचं भुकेलं आहे हे कुंडीतही दिसतं.

पण ही भूक मोठ्या झाडाची, पिल्लू रोपाची नव्हे. ताज्या शेणखताची किंवा भरमसाठ खत घातलेली माती दिली की पानांची टोकं करपतात. म्हणून आधी हलकं, कमी खताचं मिक्स आणि पुढच्या कुंडीत थोडं गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं कंपोस्ट वाढवायचं, हे जास्त पटतं. पोयट्यासारखी भुसभुशीत, निचऱ्याची माती हवी, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) ६ ते ७. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) मुळात बरंच आम्लधर्मी असतं म्हणून त्यात चुना घालतात, आणि हवा खेळती राहावी म्हणून परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) न धुता वापरलं तर त्यातले क्षार त्रास देतात, शिवाय ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, त्यामुळे आधी धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवतात.

सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा पोताचा. मुळांची हुंडी (मुळांना धरून असलेला मातीचा गोळा) बारीक मातीची आणि भोवतालचं मिक्स खूप भरड असेल तर हुंडी पूर्ण भिजेपर्यंत पाणी बाहेर सरकतच नाही, मुळं आतच घोटाळतात. उलट पीटची हलकी हुंडी चिकण जमिनीत लावली तर आजूबाजूची माती तिचं पाणी ओढून घेते. तळाला खडी घालायची सवय याच कारणाने निरुपयोगी, पाणी खडीच्या वरच साचतं. नवं मिक्स शक्यतो जुन्याच पोताचं आणि वाफशावर असावं : मूठभर दाबलं की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा. कायम चिंब माती राहिली तर पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने रोपं कोलमडतात.

जमिनीत लावताना जुन्या कारखान्याजवळची किंवा रस्त्याकडेची माती टाळतात, कारण हे झाड कॅडमियम, शिसं असे जड धातू शोषून घेतं. याच गुणामुळे चेर्नोबिलजवळच्या दूषित जमिनीवर १९९० च्या दशकाच्या शेवटी हेम्प (धाग्यासाठीची, कमी नशेची भांग) लावून पाहिलं होतं.