माहितीपट बातमीच्या पानावर कसा गेला

कोकणातल्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत सिनेमावर लिहिणाऱ्या समीक्षकाच्या मतांवरून गेले काही महिने कुरबुर चालू आहे. मोठ्या बॅनरशिवाय, चार मित्रांनी पैसे घालून काढलेल्या कथापटांकडे हा समीक्षक मायेने बघतो. माहितीपट समोर आला की मात्र त्याचा सूर बदलतो. 'विषय महत्त्वाचा आहे', 'मांडणी एकांगी आहे', 'प्रशासनाची बाजू आलेली नाही', एवढ्यावर परीक्षण आटोपतं. कॅमेरा कुठे ठेवला, कुणाचं बोलणं किती वेळ चालू दिलं, आवाज कसा वापरला, याबद्दल एक ओळ नाही. लोक त्या माणसावर चिडले आहेत. पण ही नजर एका माणसाची नाही. ती घडायला सत्तर-पंचाहत्तर वर्षं लागली आहेत, आणि त्यात थिएटरच्या परवान्याचा, सेन्सॉरच्या कायद्याचा आणि वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या पानाचा सारखाच हात आहे.

खेळ बघून मत द्यायला कोकणी माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. राजा कुठे अडखळला आणि संकासुराने कुठे वेळ मारून नेली, हे समोर बसलेल्याला बरोबर कळतं, आणि सकाळी टपरीवर चहा घेताना त्याचा हिशोबही होतो. नाटकाचं परीक्षण छापणं मराठी वर्तमानपत्रांना जुनंच. कथापट त्याच वाटेने आत आला, कारण त्यालाही गोष्ट होती, नट होते, संवाद होते. माहितीपटाला ही वाट मिळाली नाही.

१९४८ साली केंद्र सरकारने मुंबईत माहितीपट आणि समाचारचित्रं काढणारी स्वतःची संस्था उभी केली. थिएटरच्या परवान्यातच अट होती की प्रत्येक खेळाला मंजूर केलेली रिळं दाखवायची. साधारण वीस मिनिटांचा मामला. वर त्यासाठी थिएटरवाल्याने आपल्या उत्पन्नातला वाटा भाड्यापोटी द्यायचा. मराठीसह अनेक भाषांत ही रिळं गावोगाव फिरत. धरणाचं उद्घाटन, पुराची पाहणी, कुटुंब नियोजन, पाहुण्या राष्ट्राध्यक्षांचं स्वागत. लोक त्या वेळात तिकिटाच्या रांगेत असत, नाहीतर भजी घेत. 'डॉक्युमेंटरी झाली का सुरू? मग अजून वेळ आहे,' हे वाक्य एका अख्ख्या पिढीच्या तोंडी होतं. समीक्षकही त्याच खुर्च्यांवर बसून मोठा झाला. माहितीपट म्हणजे सरकारने सांगितलेली माहिती, तिला तारे कसले द्यायचे, ही समजूत तिथेच पक्की झाली.

त्या संस्थेतून फक्त उद्घाटनंच आली असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६७ च्या सुमाराला तिथल्याच काही दिग्दर्शकांनी चौकट वाकवली. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या वीस वर्षांच्या मुलामुलींना या देशाकडून तुम्हाला काय हवंय असं विचारत फिरणारा एक छोटा माहितीपट त्याच वर्षीचा. आजही तो बघताना अंगावर काटा येतो. पण समोर भज्यांचा पुडा असताना ही कारागिरी कुणाच्या डोळ्यांत भरणार?

मग सेन्सॉर. १९५२ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी दाखवायच्या प्रत्येक चित्रपटाला प्रमाणपत्र बंधनकारक केलं, आणि त्यात माहितीपटही आला. चार महानगरांवरच्या एका लघुमाहितीपटात मुंबईतली वेश्यावस्ती दिसली म्हणून अडवणूक झाली. दिग्दर्शक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० च्या निकालात न्यायालयाने सिनेमावरची पूर्वतपासणी वैध ठरवली. हलत्या चित्राचा परिणाम छापील शब्दापेक्षा खोल होतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते, असा त्यातला तर्क. म्हणजे बातमीदाराने जे छापायचं ते आधी कुणाला दाखवावं लागत नव्हतं, पण तेच कॅमेऱ्याने टिपलं तर दाखवावं लागत होतं. या फरकाबद्दल वर्तमानपत्रांनी तेव्हा जेवढं बोलायला हवं होतं, तेवढं ती बोलली नाहीत.

यानंतरची खरी गाठ २००३-०४ ची, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला आहे. २००४ च्या महोत्सवासाठी अट आली की भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. परदेशी माहितीपटांना ती नव्हती. देशभरचे माहितीपटकार एकत्र आले, निषेध झाला, अट मागे घेतली गेली. पण निवडलेल्या माहितीपटांची यादी आली तेव्हा गुजरातच्या २००२ च्या दंगलींवरचे आणि सत्तेला अडचणीचे वाटावेत असे कितीतरी माहितीपट त्यात नव्हते. वगळलेल्यांनी त्याच दिवसांत मुंबईतच समांतर महोत्सव भरवला आणि नाकारलेल्या माहितीपटांना गर्दी झाली.

मुंबईच्या वर्तमानपत्रांनी याच्या ठळक बातम्या केल्या. परीक्षणं मात्र तुरळक. कारण कार्यालयातली जुनी पद्धत. परीक्षण 'प्रदर्शित' सिनेमाचं होतं, प्रदर्शित म्हणजे शुक्रवारी थिएटरला लागलेला, आणि थिएटरला लागायला प्रमाणपत्र हवं. ज्या माहितीपटाकडे प्रमाणपत्र नाही, किंवा आहे पण वितरक नाही, तो शुक्रवारच्या पानासाठी अस्तित्वातच नसतो. तो कुठेतरी सभागृहात, ग्रंथालयात, आंदोलनाच्या मंडपात दाखवला जातो. तिथे वार्ताहर जातो, समीक्षक जात नाही. २००४ च्या वादानंतर हे बदलायची संधी होती. उलट 'वादग्रस्त' हा शिक्का माहितीपटाला कायमचा चिकटला, आणि वादग्रस्त गोष्ट बातमीवाल्याने सांभाळायची हा दंडक आणखी घट्ट झाला. माझ्या मते आजच्या कुरबुरीचं मूळ इथेच आहे.

जिल्हा आवृत्तीचं कात्रण काढून बघा. कोकणच्या किनाऱ्यावर माहितीपटाला विषय कमी पडले नाहीत. दाभोळचा वीजप्रकल्प, जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी, पर्ससीनची मोठी जाळी वापरणारे विरुद्ध पारंपरिक मच्छीमार. तारापूरच्या अणुवीजकेंद्राने उठवलेल्या गावांवरचा एक माहितीपट तर २०१३ साली ब्राझीलच्या महोत्सवात गौरवला गेला. पण गावातल्या खेळाचा वृत्तांत कसा छापून येतो? दीपप्रज्वलन अमक्यांच्या हस्ते, प्रास्ताविक तमक्यांचं, यावेळी व्यासपीठावर हे हे उपस्थित होते, आभार यांनी मानले. मधे कुठेतरी 'प्रकल्पग्रस्तांच्या व्यथा मांडणारा माहितीपट दाखवण्यात आला'. बस. जो दिग्दर्शक दोन-तीन वर्षं त्या वाडीत राहिला, ज्याने एका म्हातारीचं बोलणं न तोडता चार मिनिटं पडद्यावर ठेवायची हिंमत केली, त्याच्या कामाला त्या वृत्तांतात जागा नसते. बातमीला दोन बाजू हव्यात हा नियम बातमीसाठी योग्यच आहे. तो उचलून सिनेमाला लावला की 'प्रशासनाची बाजू आलेली नाही' हे वाक्य परीक्षण म्हणून छापलं जातं.

कथापटाचं नशीब वेगळं. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा सिनेमा पालगडच्या आईचा, म्हणजे 'श्यामची आई'. त्यानंतर पन्नास वर्षांनी मराठीला पुन्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'श्वास'ला, आणि त्यातला आजोबाही नातवाला घेऊन कोकणातल्या खेड्यातूनच शहरात येतो. २०१४ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या विभागात गौरवलेल्या 'किल्ला'त बदलीवर आलेल्या आईचा मुलगा कोकणातच रुजायला बघतो. आपलं गाव पडद्यावर दिसलं की जिल्ह्याच्या समीक्षकाचं मन भरून येतं, हे स्वाभाविक आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायची सक्ती केली आणि टीका झाल्यावर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली. तळकोकणात जिथे मुळात पडदेच मोजके, तिथे याचा फारसा उपयोग झाला नाही. पण छोट्या मराठी कथापटाची बाजू घ्यायची असते, हा भाव मात्र त्या वादातून पानापानांवर पोचला. माहितीपटाची बाजू त्या निर्णयात नव्हती, आणि ती नाही हे कुणी लक्षातही आणून दिलं नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत बरंच काही एकदम हललं. २०२१ च्या एप्रिलमध्ये सेन्सॉरच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचं अपील न्यायाधिकरण बंद झालं. कात्री लागलेल्या छोट्या निर्मात्याला आता थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं, आणि सावंतवाडीच्या किंवा गुहागरच्या मुलाला वकिलाची फी परवडत नाही. १९४८ ची ती सरकारी संस्था २०२२ च्या अखेरीस दुसऱ्या महामंडळात विलीन झाली. २०२३ च्या दुरुस्तीने वयाप्रमाणे यूए सात, तेरा आणि सोळा अशी वर्गवारी आणली, प्रमाणपत्राची गरज तशीच ठेवली.

आणि २०२४ चा मे महिना. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी पोचलेल्या भारतीय सिनेमाने तिथला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळवला. त्यातली इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई कागदपत्रांअभावी मुंबईतलं घर गमावून रत्नागिरीकडच्या गावी परतते, आणि उत्तरार्ध सगळा समुद्राकाठी घडतो. चाकरमान्यांच्या घरात ही गोष्ट नवी नाही. भारताकडून ऑस्करला मात्र तो पाठवला गेला नाही. भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटतो, असं कारण निवड करणाऱ्या संस्थेकडून पुढे आलं, आणि त्यावर कोकणातल्या वाचकांनी राग व्यक्त केला तो रास्त होता. याच दिग्दर्शिकेला २०२१ साली कानमध्येच पुरस्कार मिळाला होता तो माहितीपटासाठी, आणि या कथापटाची सुरुवातही ती माहितीपटासारखीच करते: मुंबईची गर्दी, आणि तिच्यावर गाव सोडून आलेल्यांचे आवाज. कथापटात हे आवाज आले तर त्यांना काव्यमय म्हणतात. तेच माहितीपटात आले की 'दुसरी बाजू कुठे आहे' असं विचारलं जातं.

सध्या स्थिती अशी आहे. राजापुरातला मुलगा बारसूवरचा माहितीपट मोबाइलवर बघू शकतो, कारण ऑनलाइनला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. तोच माहितीपट गावच्या सभागृहात लावायचा म्हटलं तर प्रमाणपत्र विचारलं जातं, आणि तणावाच्या दिवसांत पोलीस ठाण्यातून फोनही येतो. वर्तमानपत्रांनी शुक्रवारच्या पानाशेजारी आता ओटीटीचा रकाना सुरू केला आहे. प्रदर्शित की अप्रदर्शित हा अडसर तिथे उरलेला नाही, म्हणजे माहितीपटाचं परीक्षण त्या रकान्यात उद्याही छापता येईल. अजून तरी तो रकाना मालिकांनी भरलेला असतो.