संश्लेषित ओपिऑइड पेप्टाइडे

मॉर्फीनसारखी अफूजन्य द्रव्ये शरीरातील ज्या ग्राहींवर (पेशीवरील संदेश पकडणाऱ्या प्रथिनांवर) काम करतात, त्या किंवा त्यांच्याशी नाते असलेल्या ग्राहींना उद्दीपित करण्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेल्या, ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्यांना संश्लेषित ओपिऑइड पेप्टाइडे म्हणतात. मॉर्फीन हे एकमेकांत गुंतलेल्या कड्यांचे, ताठ बांध्याचे अल्कलॉइड आहे, तर ही पेप्टाइडे बहुधा चार ते सात दुव्यांची लवचिक साखळी असते. तरीही दोन्ही एकाच खोबणीत बसतात.

या शाखेचा आरंभ १९७५ मध्ये झाला. त्या वर्षी ॲबर्डीन येथे जॉन ह्यूझ आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून मिळवलेल्या दोन एन्केफॅलिनांची, म्हणजे शरीरात आपोआप बनणाऱ्या ओपिऑइड पेप्टाइडांची, रचना प्रसिद्ध केली. त्यांची कसोटी साधी होती. गिनीपिगच्या लहान आतड्याचा किंवा उंदराच्या शुक्रवाहिनीचा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा, त्याला ठरावीक अंतराने विजेचे हलके धक्के द्यायचे आणि त्याचे आकुंचन नोंदवायचे. मेंदूचा अर्क घातल्यावर आकुंचन मंदावले आणि अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्झोन घातल्यावर ते पूर्ववत झाले, की अर्कात अफूसारखे काहीतरी आहे असे समजायचे. पुढे हीच दोन ऊतके नवी पेप्टाइडे पारखण्यासाठीही उपयोगी पडली, कारण ओपिऑइड ग्राहींच्या म्यू, डेल्टा आणि कप्पा या तीन मुख्य प्रकारांपैकी आतड्यात म्यू ग्राहींचा आणि उंदराच्या शुक्रवाहिनीत डेल्टा ग्राहींचा प्रभाव अधिक दिसतो.

दोन्ही एन्केफॅलिनांतील पहिली चार ॲमिनो अम्ले टायरोसीन, ग्लायसीन, ग्लायसीन आणि फिनिलॲलॅनीन अशी एकाच क्रमाने येतात. पाचवे एकात मेथिओनीन, तर दुसऱ्यात ल्यूसीन असते. टायरोसिनाचे फिनॉल-कडे आणि त्यालगतचा धनभारित नायट्रोजन हा या रेणूंचा गाभा होय. मॉर्फिनातही हीच जोडी आढळते, आणि ग्राहीतील एका ॲस्पार्टिक अम्लाशी हा नायट्रोजन विद्युतबंधाने जखडला जातो. म्यू, डेल्टा आणि कप्पा हे तिन्ही ग्राही पेशीच्या आत संदेश पोहोचवणाऱ्या जी-प्रथिनाशी जोडलेले असून उद्दीपित झाल्यावर ॲडेनिलिल सायक्लेज हे एंझाइम मंदावते, चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमचे मार्ग बंद होतात, पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि वेदनेचा संदेश पुढच्या पेशीकडे सोडला जाणे कमी होते.

एन्केफॅलिनांचे औषध का झाले नाही, याचे उत्तर त्यांच्या अल्प आयुष्यात आहे. रक्तात सोडल्यावर ती काही मिनिटांतच तुटतात: ॲमिनोपेप्टिडेज एंझाइम पहिला दुवा कापते आणि नेप्रिलायसीन तिसऱ्या-चौथ्या दुव्यांमधला बंध तोडते. या क्षेत्रातील बरीचशी कारागिरी हे दोन घाव चुकवण्यातच खर्ची पडली आहे. त्याचा सर्वांत नेटका नमुना म्हणजे १९८१ मध्ये वर्णन केलेले डॅमगो. त्यात दुसऱ्या जागी ग्लायसिनाऐवजी उजव्या-डाव्या आरशातल्या प्रतिमेसारखे उलट वळणाचे, म्हणजे डी-रूपाचे ॲलॅनीन बसवले आहे, त्यामुळे पहिला घाव चुकतो; चौथ्या जागी फिनिलॲलॅनिनाच्या नायट्रोजनावर मिथिल गट चढवला आहे, म्हणून दुसरा बंध सहज तुटत नाही; आणि शेवटच्या आम्लगटाचे अल्कोहोल केल्याने म्यू ग्राहीकडील ओढा वाढला आहे. डॅमगो रुग्णांना दिले जात नाही, पण म्यू ग्राहीच्या अभ्यासात तेच मानदंड मानले जाते. २०१८ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने म्यू ग्राही आणि जी-प्रथिन यांची एकत्रित रचना उलगडली गेली, तेव्हा ग्राहीत बसलेला रेणू डॅमगोच होता. डेल्टा ग्राहीसाठी असेच स्थान डीपीडीपीईला आहे. त्यात दुसऱ्या आणि पाचव्या जागी पेनिसिलमीन हे गंधकयुक्त ॲमिनो अम्ल घालून दोन गंधकअणूंच्या बंधाने साखळीचे कडे केले आहे, जेणेकरून लवचिक साखळीला एकच आकार घेणे भाग पडावे.

डी-रूपाची ही युक्ती निसर्गाला आधीच ठाऊक होती, हे थोडे गमतीचे आहे. दक्षिण अमेरिकेतील फायलोमेड्यूसा बेडकाच्या त्वचेतून १९८१ मध्ये मिळालेल्या डर्मॉर्फिनात दुसऱ्या जागी डी-ॲलॅनीनच असते. जनुकात मात्र साध्या ॲलॅनिनाचाच संकेत असून साखळी तयार झाल्यावर एक एंझाइम त्याचे वळण उलटवते. मॉर्फीनपेक्षा कितीतरी प्रबळ असलेले हे पेप्टाइड प्रयोगशाळेत सहज बनवता येते. वेदना लपवून घोडा पळवण्यासाठी त्याचा गैरवापर झाल्याचे अमेरिकेतील शर्यतींत २०१२ मध्ये उघडकीस आले.

टिकाऊपणा साधल्यावरही एक अडसर उरला. रक्त आणि मेंदू यांच्यामधील आवरण बहुतेक पेप्टाइडांना आत सोडत नाही. मेंदूत पोहोचावे म्हणून कोणी साखळीला शर्करेचा गट जोडला, कोणी दोन अर्धे रेणू पाठीला पाठ लावून बायफॅलीन बनवले. स्वयंसेवकांना टोचलेल्या सुरुवातीच्या एन्केफॅलीनसदृश पेप्टाइडांनी हातपाय जड होणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दाखवली, आणि त्यांतील एकही रुग्णालयातील मॉर्फिनाची जागा घेऊ शकले नाही. पेप्टाइड असल्यामुळे ती निर्धोक असतील ही समजूतही चुकीची आहे: मेंदूतील म्यू ग्राही उद्दीपित झाले की श्वसन मंदावणे आणि व्यसन लागणे हे धोके येतातच. ग्राहीला पेशीत ओढून घेण्याच्या बाबतीत मात्र फरक दिसतो. डॅमगो हे घडवून आणते, मॉर्फीन अत्यल्प.

चौथा, नोसिसेप्टीन ग्राही या कुळातला असूनही वेगळा आहे. १९९५ मध्ये सापडलेल्या त्याच्या सतरा दुव्यांच्या नैसर्गिक पेप्टाइडात आरंभी टायरोसीन नसून फिनिलॲलॅनीन असते आणि नॅलॉक्झोन त्याला अडवत नाही. म्हणून त्यावरील पेप्टाइडांना ओपिऑइड म्हणण्यापेक्षा ओपिऑइडसंबंधित म्हणणे अधिक नेमके.

मेंदूत न शिरण्याचा दोष कप्पा ग्राहीच्या बाबतीत गुण ठरला. मेंदूतील कप्पा ग्राही उद्दीपित झाले की खिन्नता आणि भ्रम संभवतात. तेच ग्राही शरीराच्या परिघावरील संवेदी चेतातंतूंवर उद्दीपित झाल्यास खाज शमते. डायफेलिकेफॅलीन हे पेप्टाइड याच तत्त्वावर बेतलेले असून त्यातील चारही ॲमिनो अम्ले डी-रूपाची आहेत आणि आरंभीचे टायरोसीनही त्यात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डायलिसिसवरील प्रौढ रुग्णांच्या मध्यम ते तीव्र खाजेसाठी त्यास मान्यता दिली. ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने या रुग्णांत दीर्घकाळ टिकते, तर डायलिसिस यंत्र त्याचा मोठा भाग काढून टाकते. म्हणून दर किलो वजनामागे ०.५ मायक्रोग्रॅम ही मात्रा प्रत्येक डायलिसिस संपताना रक्तमार्गात परतवणाऱ्या नळीतून दिली जाते. मॉर्फिनाने बद्धकोष्ठ होतो, याने कधी जुलाब होतात. चक्कर, गुंगी आणि चालताना तोल जाणे हेही आढळते, परंतु अमेरिकेत ते नियंत्रित मादक द्रव्यांच्या यादीत नाही.