कपाळावरील आठ्या

कपाळावरील आठ्या : भुवया वर उचलल्या की कपाळावर उमटणाऱ्या आडव्या आणि भुवया आक्रसल्या की त्यांच्या मध्ये उमटणाऱ्या उभ्या घड्या. मराठीत ‘आठी’ आणि ‘सुरकुती’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. पण बोलण्यातला एक बारीक भेद जपण्याजोगा आहे. आठी घातली जाते, चढते आणि उतरते. सुरकुती नुसती पडते, ती उतरत नाही. त्वचाविज्ञानातही हालचालीबरोबर येणारी-जाणारी रेषा आणि चेहरा निवांत असतानाही दिसणारी स्थिर रेषा असा नेमका हाच भेद केला जातो व उपचार त्यावरूनच ठरतात. प्रस्तुत नोंदीत आठी म्हणजे पहिली आणि सुरकुती म्हणजे दुसरी, असे धरले आहे.

शरीररचना : आडव्या आठ्या ललाटपेशीमुळे (कपाळाच्या स्नायूमुळे; या नोंदीत पेशी म्हणजे स्नायू) पडतात. ही पेशी डोक्यावरील पातळ, चिवट पटलापासून निघून भुवयांच्या त्वचेत येऊन मिसळते. तिचे कोणतेच टोक हाडाला चिकटलेले नसते. तिचे तंतू उभे असल्यामुळे ती आखडली की त्वचा तिच्याशी काटकोनात, म्हणजे आडवी दुमडते. काही जणांत कपाळाच्या मध्यभागी हे तंतू विरळ असतात. त्यांच्या आठ्या सलग न जाता मध्ये खाली झुकतात किंवा तुटतात. भुवयांमधील उभ्या आठ्या भ्रूसंकोचक पेशींच्या, तर नाकाच्या मुळाशी येणारी आडवी आठी तिथल्या लहान पेशीची. या सर्व पेशींना चेहऱ्याच्या मज्जातंतूचा (मेंदूतून निघणाऱ्या सातव्या मज्जातंतूचा) पुरवठा असतो. भुवई उचलणारी पेशी ललाटपेशी एकटीच आहे. खाली ओढणाऱ्या अनेक आहेत. ही विषमता लक्षात न घेता केलेले उपचार फसतात, हे पुढे येईल.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : आयुर्वेदात सुरकुतीला ‘वली’ म्हणतात आणि ती बहुधा ‘पलित’ (केस पिकणे) या शब्दाच्या जोडीने येते. शार्ङ्गधरसंहितेत (साधारणतः तेरावे-चौदावे शतक) आयुष्याच्या दर दशकाला एकेक गोष्ट कमी होते, असा क्रम दिला आहे : बाल्य, वृद्धी, छवी, मेधा, त्वचा, दृष्टी याप्रमाणे. छवी, म्हणजे कांती, तिसऱ्या दशकात आणि त्वचा पाचव्या दशकात. कांती आणि त्वचा यांचा ऱ्हास वेगळा मोजणारे हे निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण भारतीय त्वचेत वयाची खूण आधी रंगात आणि मागाहून सुरकुतीत दिसते, हे आज कोणत्याही त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात पाहायला मिळते.

कपाळावरील रेषांवरून आयुष्य व भाग्य सांगण्याची प्रथा बृहत्संहितेतील (सहावे शतक) पुरुषलक्षणांच्या प्रकरणापर्यंत मागे जाते. युरोपातही जिरोलामो कार्दानो या इटालियन पंडिताचा या विषयावरील सचित्र ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६५८ मध्ये पॅरिसला छापला गेला. विदर्भात आणि सगळ्या महाराष्ट्रातच सटवाई बाळाच्या कपाळावर ललाटलेख लिहिते, ही समजूत आहे. पण तो लेख कोणालाही न दिसणारा आहे, आठ्यांशी त्याचा संबंध नाही. दोन्ही गोष्टी एक समजून केलेली विवेचने आढळतात, ती ग्राह्य वाटत नाहीत.

सुरकुती कशी बनते : याबद्दल एकमत नाही. एक बाजू त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांची. त्यांनी १९८५ मध्ये सुरकुतीचे व तिच्या शेजारच्या त्वचेचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले, तेव्हा सुरकुतीची म्हणून वेगळी अशी रचना त्यांना आढळली नाही. त्यांच्या मते सुरकुती हा त्वचेतला दोष नसून घडीचा आकार आहे. कडक इस्त्रीच्या कापडावर एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा घडी पडावी तसा. दुसऱ्या बाजूच्या संशोधकांना, विशेषतः १९९९ मधील एका फ्रेंच अभ्यासात, सुरकुतीच्या तळाशी बाह्यत्वचेला अंतस्त्वचेशी बांधून ठेवणारे बारीक लवचिक तंतू आणि काही कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) कमी झालेले दिसले. दोन्ही मते पूर्णपणे परस्परविरोधी आहेत असे नाही. पेशीची ओढ घडीची जागा ठरवते, आणि त्वचेची झीज ती घडी पक्की करते, हे मत आज अधिक पटण्याजोगे आहे. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या पक्षाघाताने चेहऱ्याची एक बाजू वर्षानुवर्षे निकामी झालेल्या रुग्णांत त्या बाजूचे कपाळ गुळगुळीत राहते. वय दोन्ही बाजूंचे सारखेच, ऊन सारखेच; फरक फक्त पेशीच्या हालचालीचा. याउलट उन्हाचा वाटा १९८०-९०च्या दशकांत प्रयोगांनी स्पष्ट झाला. अतिनील किरणांनी त्वचेत कोलॅजेन तोडणारी विकरे वाढतात, नवे कोलॅजेन बनणे मंदावते. यातील ‘अ’ गटाचे किरण (३२०–४०० नॅनोमीटर) अंतस्त्वचेपर्यंत पोचतात आणि साध्या काचेतून आरपार जातात. २८ वर्षे ट्रक चालवणाऱ्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकन चालकाचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र याचा ठळक पुरावा मानले जाते : खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्या मानाने तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून खिडकीकडची बाजू उजवी.

धूम्रपान, रजोनिवृत्ती आणि आनुवंशिकता ही इतर कारणे. डोळ्यांचे दोष मात्र बहुतेक लिखाणात राहून जातात. चाळिशीचा चष्मा टाळणारी व्यक्ती दिवसभर भुवया आक्रसून वाचते. उतारवयात पापणी ढिली पडली तर माणूस नकळत भुवई उचलून धरतो, आणि कपाळावर खोल, कायमच्या रेषा पडतात. अशांची तक्रार कपाळाची असते, मूळ पापणीत असते.

कपाळावरील रेषा आणि हृदयविकार यांचा संबंध सांगणारा एक फ्रेंच अभ्यास २०१८ मध्ये युरोपीय हृदयरोग परिषदेत मांडला गेला. सुमारे ३,२०० नोकरदारांचा २० वर्षे मागोवा घेऊन वयाच्या मानाने खोल सुरकुत्या असणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू अधिक आढळले, असे त्यात म्हटले होते. रक्तदाब आणि साखर मोजायला उपकरणे असताना सुरकुत्या मोजण्याचे कारण नाही, हे मत आम्हाला अधिक सयुक्तिक वाटते.

नागपूर परिसर : नागपूर २१.१५° उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास. पहिली वेळ नेमकी नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पडते, जेव्हा आभाळ स्वच्छ असते. (२३ मे २०१३ रोजी येथे ४७.९° सेल्सिअसची नोंद झाली.) निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात ‘अत्यंत तीव्र’ समजल्या जाणाऱ्या ११च्या आसपास जातो. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास वा खाली येते आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर सुकून त्यावर बारीक रेघा दिसू लागतात. त्या खऱ्या सुरकुत्या नव्हेत, साध्या मलमानेही जातात.

या हवेला नागपूरकरांनी शोधलेले उत्तर म्हणजे दुपट्टा. व्हरायटी चौकात मे महिन्यात सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरवरची मुलगी पाहावी : सुती दुपट्ट्याचा पहिला वेढा कपाळावरून भुवयांपर्यंत, दुसरा नाकावरून, टोक मानेमागे खोचलेले, वर काळा गॉगल आणि हातांत कोपरापर्यंतचे मोजे. कपाळ झाकले जाते आणि गॉगलमुळे डोळे किलकिले करावे लागत नाहीत. म्हणजे सुरकुतीची दोन्ही कारणे, ऊन आणि हालचाल, एकाच वेळी आवरली जातात. पुरुषांचे तसे नाही. कळमना बाजारात संत्र्याच्या हंगामात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याने टोपी काढली की कपाळाचे दोन भाग स्पष्ट दिसतात : टोपीखालची दोन बोटे रुंद पट्टी उजळ व मऊ, आणि तिच्याखाली काळवंडलेले, जाड झालेले, नांगरटीसारख्या तासांचे कपाळ. गांधी टोपीला कड नसते, तिची सावली भुवयांवर पडत नाही. कानांवरून बांधलेला पुरुषांचा दुपट्टा लू (उन्हाळी गरम वारा) अडवतो, पण कपाळ उघडेच राहते. तो दोन बोटे खाली ओढला तर फार मोठा फरक पडेल, आणि हे कुणीतरी या माणसांना सांगायला हवे.

कापडाबाबत एक तपशील. पातळ, पांढऱ्या सुती कापडाचे संरक्षण मूल्य (अतिनील किरण किती पटींनी कमी होतात तो आकडा) साधारण ५ ते ७ इतकेच असते व ते घामाने ओले झाले की आणखी घटते. गडद रंगाचे, घट्ट विणीचे कापड किंवा पातळ कापडाचे दोन पदर अधिक चांगले.

हिवाळा हा दुर्लक्षित भाग. डिसेंबरच्या मध्यान्ही नागपुरात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५° वर असतो. उन्हाळ्यात तो डोक्यावर असतो, हिवाळ्यात समोर असतो. ऊन कोवळे म्हणून लोक अंगणात, गच्चीवर सूर्याकडे तोंड करून बसतात आणि दुपट्टे कपाटात गेलेले असतात. ‘ब’ गटाचे किरण या दिवसांत बरेच कमी होतात, ‘अ’ गटाचे तितके होत नाहीत.

प्रतिबंध : सावली, कापड, रुंद कडेची टोपी, गॉगल, योग्य क्रमांकाचा चष्मा. सनस्क्रीन यानंतर येते. ३० एसपीएफचे (ऊन-संरक्षण अंकाचे) सनस्क्रीन ‘ब’ किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, परंतु दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतके लावले तरच. लोक साधारणपणे याच्या निम्मेही लावत नाहीत आणि कपाळावर घाम येतो म्हणून तिथेच सर्वांत कमी लावतात. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी आढळले. ही मोजणी हाताच्या पाठीवरील त्वचेच्या ठशांवरून केली होती, कपाळावरून नव्हे; तरी निष्कर्षाची दिशा मान्य करण्यास हरकत नाही.

घरगुती उपायांत संत्र्याची वाळवलेली साल दळून केलेले उटणे नागपुरात घरोघरी माहीत आहे. त्याने त्वचा क्षणभर तुकतुकीत वाटते, सुरकुती जात नाही. भरड पूड घासल्यास कपाळ सोलवटते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे मात्र धोक्याचे आहे. त्यातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग पावून भाजल्यासारखे फोड व मागाहून महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग उठवतात.

उपचार : स्थिर, बारीक सुरकुत्यांवर सर्वांत जुना व भक्कम पुरावा ट्रेटिनॉइन या अ-जीवनसत्त्वजन्य औषधाचा आहे. १९८६ पासून त्याचा या कामी अभ्यास होत आहे. रात्री, वाटाण्याएवढे, आठवड्यातून दोन-तीनदा असे सुरू करावे लागते; परिणाम दिसायला चार-सहा महिने जातात. गरोदरपणात ते वापरत नाहीत.

आठ्यांवर बोट्युलिनम विषाची सुई वापरली जाते. दूषित अन्नातून होणाऱ्या विषबाधेचे हे विष मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक द्रव्य सुटू देत नाही, म्हणून पेशी सैल पडते. नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरात आणले व १९८९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्वचेसाठीचा उपयोग व्हँकूव्हरच्या जीन कॅरदर्स व ॲलिस्टर कॅरदर्स या दांपत्याचा. पापण्यांच्या आचक्यांवर उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधील रेषा नाहीशा झाल्याचे दिसले आणि १९९२ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. भुवयांमधील आठ्यांसाठी २००२ मध्ये आणि कपाळाच्या आडव्या आठ्यांसाठी थेट २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हा १५ वर्षांचा उशीर अर्थपूर्ण आहे. भुवई उचलणारी एकमेव पेशी पूर्ण सैल केली तर भुवई डोळ्यांवर उतरते. म्हणून कपाळाच्या २० एककांबरोबर भुवयांमधील ओढणाऱ्या पेशींनाही २० एकके देण्याची शिफारस आहे. ज्यांची पापणी आधीच ढिली आहे त्यांना ही सुई जपून द्यावी किंवा देऊच नये. त्यांच्यासाठी पापणीची शस्त्रक्रिया योग्य. परिणाम तीन-चार महिने टिकतो. गर्भारपण, स्तनपान आणि मायस्थेनिया (स्नायू अशक्त करणारा विकार) असलेल्यांना ती वर्ज्य आहे.

भुवयांच्या मध्ये फिलर (रेषा भरून काढण्यासाठी त्वचेखाली टोचायचा पदार्थ) भरण्यात रक्तवाहिनी बंद पडून दृष्टी जाण्याचा दुर्मीळ पण भयंकर धोका आहे. लेसर आणि रासायनिक पील (त्वचेचा वरचा थर काढणारे द्रव्य) सावळ्या त्वचेवर काळे डाग सोडू शकतात, त्यामुळे ते अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करावेत. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत असे तज्ज्ञ आहेत, मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांतही त्वचारोग विभाग आहेत. ब्यूटी पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नये.

सर्वांत जास्त नुकसान मात्र सुईने होत नाही, ट्यूबने होते. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, ‘चेहरा साफ करणाऱ्या’ मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. दोन आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि मलम थांबवले की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घालण्यासाठी नियम बदलले. तरीही मैत्रिणीने सांगितले म्हणून ती आणली जातात.

आठ्या नाहीशा होणे : आठी अचानक पडेनाशी झाली तर ते लक्षण आहे. चेहरा वाकडा झालेल्या रुग्णाला डॉक्टर प्रथम म्हणतात, “वर बघा, कपाळाला आठ्या घाला.” एका बाजूला आठी पडत नसेल, तर दोष बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूत असतो (बेलचा पक्षाघात) आणि ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केल्यास बरे होण्याची शक्यता वाढते. तोंड वाकडे, पण आठ्या दोन्ही बाजूंना नीट पडतात, अशा वेळी मेंदूतील झटक्याची शंका घ्यावी लागते, कारण कपाळाच्या पेशींना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून पुरवठा असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे घरच्यांनी तोंड कधी वाकडे झाले, ती वेळ घड्याळात पाहून लक्षात ठेवावी आणि रुग्णालयात पोचताच तीच आधी सांगावी.