चीन लढला, ठरवलं इतरांनी

द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. जखमी चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. आपल्याकडे गोष्ट इथे थांबते. जपानविरुद्धचं युद्ध मात्र चालूच होतं, आणि ते संपवायचं कसं याची दोस्त राष्ट्रांची खलबतं त्यानंतर रंगात आली.

२४ जानेवारी १९४३ ला कॅसाब्लांकात रुझवेल्टनी जाहीर केलं, की शत्रूकडून बिनशर्त शरणागतीच घ्यायची. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत अमेरिकेचे हल, ब्रिटनचे ईडन आणि रशियाचे मोलोटोव्ह हे परराष्ट्रमंत्री भेटले. जाहीरनाम्यावर चीनची सही हवी, असा हल यांचा हट्ट, मोलोटोव्ह नाखूश. रशियाचा जपानशी १९४१ पासून तटस्थतेचा करार होता, तो उगाच कशाला दुखवा? शेवटी ३० ऑक्टोबरला चीनच्या मॉस्कोतल्या राजदूताने चौथी सही केली. १९३७ पासून जपानशी झुंजणाऱ्या देशाला पंगतीत पान मिळालं ते असं, यजमानांची कुरकुर ऐकून.

नोव्हेंबरात कैरोला चीनचे नेते च्यांग कै-शेक रुझवेल्ट-चर्चिलच्या शेजारी बसले. जपानने घेतलेले मांचुरिया आणि तैवान चीनला परत, असं तिथे ठरलं. स्टालिन आले नाहीत, कारण तोच करार. कोटणीस ज्या कम्युनिस्ट सैन्याबरोबर होते, त्याला तर या टेबलावर जागाच नव्हती.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला मात्र चीनला बाजूला ठेवून अमेरिका, ब्रिटन आणि रशियाचा सौदा झाला. जर्मनी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत रशियाने जपानवर तुटून पडायचं. बदल्यात पोर्ट आर्थरचा नाविक तळ, दायरेन बंदरात खास हक्क आणि मांचुरियाच्या रेल्वेत वाटा. म्हणजे मोबदल्यातला बराचसा माल चीनचा! चीनला अधिकृतपणे कळवलं ते जूनमध्ये.

शेवटची घासाघीस जपानी सम्राटावरून झाली. १० ऑगस्टला जपानने कळवलं, की सम्राटाच्या अधिकारांना धक्का लागणार नसेल तर शरण येतो. वॉशिंग्टनने उत्तराचा मसुदा लंडन, मॉस्को आणि चीनची युद्धकाळातली राजधानी चुंगकिंगला धाडला. सम्राटाला स्वतः सही करायला लावू नका, असं ब्रिटनने सुचवलं. च्यांगनी मसुद्याला होकार दिला. रशिया जपानविरुद्ध युद्धात उतरून जेमतेम दोन दिवस झाले होते, तरी मोलोटोव्हना शरणागती घेणारा सरसेनापती नेमण्यात वाटा हवा होता, दोन सरसेनापतीही चालले असते. अमेरिकी राजदूत हॅरिमन यांनी तिथल्या तिथे झटकून टाकलं: चार वर्षं लढलो आम्ही, तुम्ही दोन दिवस. आठ वर्षं लढलेल्या चीनचा हिशेब त्या रात्री कुणी मांडला नाही.

२ सप्टेंबरला ‘मिसुरी’ युद्धनौकेवर चीनची सही अमेरिकेखालोखाल, दुसरी होती. ब्रह्मदेशात भारतीय सैनिक एवढ्या संख्येने लढूनही भारताची वेगळी सही नव्हती. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहाला चीनला बोलावणंच गेलं नाही. पेकिंगच्या कम्युनिस्ट सरकारला बोलवायचं की तैवानला गेलेल्या च्यांगच्या, यावर अमेरिका-ब्रिटनचं जमेना. भारताला निमंत्रण होतं. नेहरूंनी ते नाकारलं आणि ९ जून १९५२ ला जपानशी स्वतंत्र तह केला, युद्धाची भरपाई न मागता.